दुभाषी बुडाली की वाचली

घरात तिला सगळे वहिनीच म्हणत. दीर म्हणायचा म्हणून शेजारचे म्हणू लागले, आणि पुढे पुढे सासूबाईही घाईत असल्या की "वहिनी, जरा पाणी आण गं" म्हणून जायच्या. नवरा जहाजावर इंजिनांची देखभाल करायचा, आठ-आठ महिने घराबाहेर. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत राहायची ती तिघंच.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करणारे. दोन वर्षांपूर्वी एका इमारतीत लिफ्टच्या मोकळ्या खड्ड्यात पडले आणि मणक्याला मार बसला. जीव वाचला, पण चालणं दोन कुबड्यांवर आलं. आणि राहती इमारत अशी, की तिला लिफ्टच नाही. महिन्यातून एकदा दोन माणसं त्यांना खुर्चीत बसवून दवाखान्यासाठी खाली उतरवत, तेवढंच रस्त्याचं दर्शन. बाकीचे दिवस मागच्या खोलीत, समोरच्या भिंतीवरचे पाइप बघत.

त्या खोलीत त्यांना तग धरायला लावलं ते एका मालिकेनं. मालिकेचं नाव 'उत्तरेची खिडकी'. हेरांची गोष्ट. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी हेरखात्यातली दुभाषी भर समुद्रात बोटीवरून पडते. प्रेत सापडत नाही. खात्यात कोणीतरी फितूर आहे हे कर्नलला कळलेलं असतं, पण कोण ते कळायच्या आत पर्व संपतं. झालं. मालिकेच्या चाहत्यांचा एक भलामोठा ग्रुप होता, त्यात सरळ दोन तट पडले. एक 'बुडाली'वाले, दुसरे 'वाचली'वाले. भाऊजी दुसऱ्या तटाचे पुढारी. ग्रुपमधलं त्यांचं नाव घुबड, आणि समोरच्या तटाच्या पुढाऱ्याचं मास्तर.

"ती पडण्याआधीच्या दृश्यात हातमोजे घालून आहे," भाऊजी सासूबाईंना समजावत, "आणि पडते तेव्हा हात उघडे. थंडीत कुणी हातमोजे काढतं का? पोहायचं असेल तरच काढतं."

"विसरली असेल बिचारी," सासूबाई म्हणत.

"आई, हेर विसरत नसतात."

वहिनीही पूर्वी या वादात पदर खोचून उतरायची. ती पक्की 'बुडाली'वाली. "भाऊजी, ती पोहून किनाऱ्याला लागली तर मी ही मालिका सोडली म्हणून समजा," असं तिनं बजावून ठेवलं होतं. कामावरून दमून आली तरी मागच्या खोलीत तासभर आवाज चढलेला असायचा, आणि सासूबाई मध्येच विचारायच्या, "पण तो टक्कलवाला आपल्याकडचा का त्यांच्याकडचा?"

मग चौथं पर्व वहिनीच्याच टेबलावर आलं.

वहिनी सबटायटल्स लिहायची. पात्रांचं बोलणं ऐकायचं आणि पडद्याखाली दोन ओळींत मावेल असं लिहायचं, हे तिचं काम. चौथं पर्व दाखवायला अजून चार महिने होते, पण ते तयार करणाऱ्यांनी भाग आधीच पाठवले. त्यांच्याबरोबर नियमांचं बाडही आलं. सहा जणांना वेगळ्या खोलीत बसवलं. खोलीला खिडकी नाही. फोन बाहेर लॉकरमध्ये. प्रत्येकाच्या पडद्यावर चित्राच्या मधोमध त्याचा त्याचा नंबर फिकट अक्षरांत उमटलेला, म्हणजे कुणी फोटो काढलाच तर कुणाचा ते कळावं. घरात, दारात, नवऱ्याला, कुणाला एक अक्षर सांगणार नाही, अशा कागदावर तिनं सही केली. सही करताना तिला हसूच आलं होतं. हेरांचं काम बघायला हेरांसारखंच बसायचं म्हणे.

सहाव्या भागात तिचं हसू गेलं. दुभाषी जिवंत होती. आणि फितूरही तीच होती.

त्या दिवशी घरी आल्यावर भाऊजींनी नेहमीसारखी हाक मारली. "वहिनी, मास्तरानं आज नवीनच काढलंय. म्हणतो, त्या नटीनं दुसरीकडे काम घेतलंय, म्हणजे दुभाषी बुडाली."

"मला कपडे वाळत घालायचेत," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तिला कामं निघाली. तिसऱ्या दिवशीही. भाऊजी काही खुळे नव्हते. ज्या बाईला या मालिकेवर बोलताना जेवणाची शुद्ध नसायची, ती अचानक कपड्यांच्या मागे लागली, याचा अर्थ काढायला हेरखातं लागत नाही.

वहिनीचे मात्र हाल सुरू झाले. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि खरं बोलायची सोय नव्हती. "बुडाली" म्हणावं तर ते खोटं, गप्प बसावं तर गप्प बसण्यालाही अर्थ. कामावर भिंती, घरी भिंती. बसमध्ये दोन मुली मागच्या सीटवर दुभाषीबद्दल भांडत होत्या, तर ही एक थांबा आधी उतरून चालत आली.

एका रविवारी दुपारी ती भाऊजींच्या पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. भाऊजी सहज बोलल्यासारखं बोलत होते.

"कर्नलच फितूर असेल, असं म्हणणारे पुष्कळ आहेत."

वहिनी चादरीची घडी घालत राहिली.

"कुणी म्हणतं टक्कलवाला."

उशीचा अभ्रा.

"मला कधी कधी वाटतं, दुभाषीच असेल. वाचलीही आणि फितूरही."

वहिनीनं टॉवेलची घडी घातली, ठेवली, आणि तोच टॉवेल उचलून पुन्हा घडी घातली. भाऊजींनी उशाशी पडलेला फोन हातात घेतला.

मंगळवारी मॅडमनी सहाही जणांना आत बोलावलं. मॅडम म्हणजे त्या विभागाच्या प्रमुख; आवाज न चढवता माणसाचं पाणी पाणी करणाऱ्या. त्यांनी टेबलावर एक छापलेला कागद ठेवला. ग्रुपवरची पोस्ट होती. 'दुभाषी जिवंत आहे आणि फितूर तीच आहे. खात्रीच्या माणसाकडून समजलंय.' खाली नाव, घुबड.

"सहावा भाग या जगात फार थोड्या लोकांनी पाहिलाय," मॅडम म्हणाल्या. "आपल्या इमारतीत तुम्ही सहा. कोण ते शुक्रवारपर्यंत कळलं तर एकाचं काम जाईल. नाही कळलं तर सहाही जणांना या कामावरून काढा, असं वरून आलंय. हे घुबड कुणाच्या ओळखीचं आहे का?"

वहिनीनं सगळ्यांबरोबर मान हलवली. नाही.

बाहेर आल्यावर तिच्या शेजारी बसणारी चष्मेवाली लॉकरपाशी रडायलाच लागली. तिचा नवरा कधीचा घरी बसून होता. "मी कुणाला काही बोलले नाही गं, शपथ," ती वहिनीचा हात धरून म्हणाली. वहिनीला तिच्या डोळ्यांत बघवेना.

घरी येताच ती चपला न काढता मागच्या खोलीत गेली.

"भाऊजी, मी तुम्हाला काही सांगितलं होतं?"

त्यांनी फोन उपडा ठेवला. "नाही."

"मग खात्रीचा माणूस कोण?"

"तुम्ही टॉवेलची घडी दोनदा घातलीत."

वहिनी मटकन खुर्चीत बसली. ती म्हणाली, "म्हणजे मी आता घरात हातसुद्धा हलवायचे नाहीत? तिथे तोंडाला कुलूप, इथे हाताला. मी श्वास घेतला तर त्याचंही काही निघतं का बघा."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वहिनीनं झालं ते सगळं सांगितलं. सहा जणांचं, शुक्रवारचं, चष्मेवालीचं. भाऊजी खाली मान घालून ऐकत होते.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"लिहा, की ते तुम्ही मनानंच रचलं होतं. खात्रीचा माणूसबिणूस कुणी नाही."

"मला हाकलतील तिथून."

"हाकलू देत."

"तुम्हाला सोपं आहे म्हणायला." भाऊजींचा आवाज बारीक झाला. "वहिनी, तिथे हजारो माणसं घुबड काय म्हणतो म्हणून थांबतात. इथे मला कुणी विचारतं ते एवढंच, गोळी घेतली का? तेवढीच एक जागा आहे जिथे मी जिना न उतरता जातो."

ते खरंच होतं. सासूबाई पुढे झाल्या, लेकाच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाल्या, "हिला आणि त्या पाच जणांना घरी बसवून तू तिथे हुशार ठरणार असलास, तर ठर बाबा."

भाऊजींनी फोन हातात घेतला. घेतल्यावर थांबले. "एवढंच सांगा, मी बरोबर होतो का?"

वहिनीनं चेहरा अगदी कोरा ठेवला. मान नाही, डोळे नाहीत, बोट नाही.

"असू दे," ते म्हणाले आणि लिहू लागले.

तासाभरात ग्रुपनं त्यांची चामडी लोळवली. थापाड्या, भाव खाणारा, कुणी काय, कुणी काय. मास्तरानं तेवढं लिहिलं, 'घुबडा, तुझ्याशी भांडण्यात मजा होती.' मग त्यांचं नाव काढून टाकलं. भाऊजींनी फोन बंद करून भिंतीकडे तोंड केलं.

बुधवारी मॅडमनी ती कबुली वाचून दाखवली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चष्मेवालीनं पेढे वाटल्यासारखी सगळ्यांना कॉफी पाजली. वहिनीनं आपला कप तसाच खाली ठेवला. कारण एक साधी गोष्ट बाकी कुणाच्या लक्षात आली नव्हती, ती तिच्या आली होती. चार महिन्यांनी सहावा भाग लागणार. तेव्हा सगळ्यांना कळणार की घुबडाचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं. मग ही चौकशी पुन्हा उघडणार, आणि पुन्हा सहा जण त्या टेबलापुढे उभे. सुटका झालीच नव्हती, नुसती तारीख पुढे गेली होती.

तिनं दोन दिवस कळ काढली. कानांवर ईअरफोन, पुढे दुभाषीचा चेहरा, त्यावर तिचा नंबर, आणि ओळी काही सुचत नाहीत. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती उठली आणि मॅडमच्या खोलीत गेली.

"घुबड माझे दीर आहेत," ती म्हणाली. "मी त्यांना काही सांगितलं नाही. पण त्यांना माझ्याकडूनच कळलं."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. टॉवेलपाशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे मी अहवालात कसं लिहू?"

"जसं झालं तसं लिहा."

मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "दुभाषीचं काय झालं सांग म्हणून माझ्या मुलीनं मला दोन महिने छळलंय. मी घरी जेवताना मान खाली घालून जेवते." त्यांनी चष्मा पुसला. "पण तुम्हाला त्या खोलीत मला ठेवता येणार नाही."

वहिनीला हेरांच्या मालिकेवरून काढून यंत्रांच्या माहितीपटांवर टाकलं. पगार घटला, कायद्याचं काही लचांड मागे लागलं नाही. बाकीचे पाच जण होते तिथेच राहिले. आता ती दिवसभर लिहायची, 'झाकण घट्ट बसल्याची खात्री करा.' कंटाळवाणं काम, पण घरी जाऊन कुणालाही सांगता येणारं.

भाऊजींशी मात्र चार महिने ती मोजकंच बोलली. राग नव्हता. दोघांनाही कुठून सुरुवात करावी कळत नव्हतं, एवढंच.

सहावा भाग ज्या संध्याकाळी लागला, त्या संध्याकाळी सासूबाईंनी दोघांनाही मागच्या खोलीत बसवलं. दुभाषी धक्क्यावरच्या खोलीत शिरली, ओला कोट काढला, आणि शत्रूच्या माणसाला म्हणाली, "उशीर झाला." भाऊजींनी एकदाच वहिनीकडे पाहिलं. पाच मिनिटांत त्यांचा फोन वाजायला लागला. ग्रुपमध्ये घुबडाच्या नावानं गदारोळ उठला होता. मास्तरानं वेगळा मेसेज पाठवला होता, 'परत ये. माफी मागायला दीडशे जण रांगेत आहेत.'

"जाणार का?" वहिनीनं विचारलं.

"बघू." त्यांनी फोन बाजूला सारला. "सातव्या भागात काय होतं, ते तरी पाहिलंत का तुम्ही?"

"नाही. मी तिथे होते तोवर सहाव्यापर्यंतचेच भाग आले होते."

हे म्हणताना तिला एकदम मोकळं वाटलं, छातीवरून कुणीतरी उठल्यासारखं.

"मग आता कर्नल तिला पकडणार," भाऊजी म्हणाले. "दोन भागांत."

"काहीतरीच. कर्नलनंच तिला पाठवलंय तिकडे."

"कशावरून?"

"त्यानं शोध किती लवकर थांबवला, आठवतं का? एवढा जीव लावलेला माणूस दुसऱ्याच दिवशी कचेरीत?"

"तो दगड आहे, वहिनी. पहिल्या पर्वापासून."

"दगड असता तर तिचं टेबल तसंच ठेवलं असतं का?"

भाऊजी कोपरावर रेलून उठून बसले. सासूबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. आवाज पुरेसा चढल्यावर त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं.

"आणि तो टक्कलवाला? त्याचं काय ठरलं मग?"