कांडीची तहान

चांगदेवने अडतीस वर्षं कामतघरच्या कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले आणि त्या खडखडाटात त्याचे कान गेले. उजव्याने तर काहीच कळत नसे. डाव्याशी कुणी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार कळे. मुलाने, मनोजने, कानाचं मशीन आणून दिलं होतं. पण ते सारखं शिट्टी मारतं म्हणून चांगदेवने ते कपाटात ठेवून दिलं. त्याचं काही अडत नव्हतं. समोरच्याचे ओठ दिसले की बोलणं समजे, लूमवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते येतंच. बाकीचं सांगायला घरात कांडी होती.

कांडी म्हणजे त्यांची कुत्री. सात वर्षांपूर्वी कारखान्यात, जिथे आडवा धागा कांड्यांवर भरतात त्या मशीनखाली ती सापडली. चांगदेवची बायको तुळजा तेव्हा त्या मशीनवर काम करायची. सुताच्या कचऱ्यात अंग चोरून बसलेलं, कांडीएवढंच बारीक पिल्लू. तुळजाने ते पदरात घातलं आणि शिफ्ट सुटल्यावर घरी आणलं.

घरच्या म्हाताऱ्याला ऐकू येत नाही हे कांडीला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिचं तिलाच कळलं. दाराशी कुणी आलं की इतर कुत्री दाराकडे धावून भुंकतात. कांडी एकदा भुंकायची, मग मागे वळून चांगदेवच्या गुडघ्याला डोकं लावून ढकलायची. कुकरची शिट्टी झाली तरी तेच. त्यामुळे तुळजा बाजारात जाताना कुकर गॅसवर ठेवून सरळ कांडीला सांगून जायची, "तीन झाल्या की उठव त्यांना." कांडीला तीन कळत नव्हते. ती पहिल्याच शिट्टीला उठवायची आणि डाळ नेहमी थोडी कच्ची राहायची. पण त्यावरून कधी कुणी तिला बोललं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर कांडी माजावर आली. मनोजच्या हातून दार उघडं राहिलं आणि ती अर्धा दिवस बाहेर भटकून आली. त्याला दीड महिना झाला आणि तिचं पोट दिसायला लागलं. मनोजला कोण आनंद झाला! तो जवळच्या कोन गावात एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता. तिथल्या मितेशला त्याने एक पिल्लू कबूल केलं, गेटवरच्या वॉचमनला एक, आणखी दोघांना दोन. शेजारच्या आनंदीबाईंना काळंच हवं होतं. "काळं नसेल तर मला नको," असं त्या रोज सांगून जात, जणू ते मनोजच्या हातात होतं.

चांगदेवलाही बरं वाटत होतं. पण एका गोष्टीने त्याचं लक्ष वेधलं. कांडीची पाण्याची पातेली तो रोज सकाळी स्वतः भरायचा. ती दिवसभर पुरायची, थंडीत तर उरलेलं पाणी संध्याकाळी ओतून द्यावं लागायचं. आता जानेवारी सुरू झाला होता, सकाळी स्वेटर घालावा लागत होता, आणि पातेली दुपारच्या आतच कोरडी. त्याने परत भरली. पाचच्या चहाला पाहतो तर परत कोरडी.

"हिला तहान फार लागते," दुसऱ्या दिवशी सकाळी तो मनोजला म्हणाला.

मनोज बुटाची लेस बांधत होता. बाबांना ओठ दिसावेत म्हणून त्याने मान वर केली. "पोटात पिल्लं आहेत, बाबा. तहान लागणारच."

"थंडीत?"

"थंडीत पण."

चांगदेव गप्प बसला. मुलगा मोबाइलवर वाचतो, आपल्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असेल, असं त्याला वाटलं. पण लक्ष काही हटेना. तो पातेली भरत राहिला आणि मनात मोजत राहिला. चौथ्या दिवशी कांडीने उंबऱ्याशी लघवी केली. सात वर्षांत तिने कधी घरात घाण केली नव्हती. फडकं घेऊन चांगदेव पुसायला बसला तर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, शेपूट पोटात घालून. "असू दे गं," तो म्हणाला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. हाताला कणा लागला. पोट वाढतंय आणि पाठ वाळतेय, हे त्याला आवडलं नाही.

अकलोलीजवळच्या त्यांच्या गावी लहानपणी शेळ्या होत्या. शेळी व्यायला आली की आधी तिची कास भरते, हे त्याला पक्कं माहीत होतं. सातव्या दिवशी त्याने कांडीला कुशीवर झोपवून तिचे आचळ पाहिले. पोट टणक, गरम. आणि आचळ होते तसेच चपटे.

"तुळजा, हिच्यात पिल्लं न्हाईत वाटतं मला."

तुळजा भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच ठेवून ती त्याच्याकडे वळली. "अवो, एवढं पोट दिसतंय. पिल्लं न्हाईत तर काय हाय?"

"तेच तर कळत न्हाय."

त्या रात्री कांडीने दूध-भाकरीला तोंड लावलं नाही. सकाळी पिवळं पाणी ओकली. आनंदीबाई म्हणाल्या, "अहो, डोहाळे लागलेत तिला," आणि दोघी बायका हसल्या. चांगदेवही हसला, पण कांडीकडे बघत बघत.

नवव्या दिवशी तुळजा भाजी आणायला गेली. कुकर गॅसवर होता. चांगदेव खुर्चीवर बसून पेपर वाचत होता. बऱ्याच वेळाने जळका वास आला. तो उठतोय तोच आनंदीबाई दार ढकलून आत आल्या, दोन्ही हात हवेत, तोंड मोठं उघडलेलं. ओठ वाचायची गरजच नव्हती. त्याने गॅस बंद केला. कुकरातलं पाणी कधीच आटलं होतं आणि डाळ तळाला काळी झाली होती.

तुळजा पिशवी घेऊन आली ती दारातूनच बोलायला लागली. चांगदेवने तिला हाताने थांबवलं.

"कांडी उठवायला आली न्हाय."

तुळजाने पिशवी तिथेच टाकली. कांडी मोरीशेजारी गोणपाटावर पडली होती. तिने शिट्ट्या ऐकल्या असणार, कारण तिचं तोंड चांगदेवच्या खुर्चीकडे होतं आणि पुढचे दोन पाय गोणपाटाच्या बाहेर आले होते. निघाली होती, तेवढ्यातच थांबली होती. त्यांना पाहून तिने शेपटीचं टोक तेवढं हलवलं.

चांगदेव तिच्याजवळ खाली बसला. त्याचा बाप आजारी शेळीची हिरडी बघायचा, तसा त्याने तिचा ओठ अंगठ्याने वर केला. एरवी गुलाबी असायची ती हिरडी पांढुरकी झाली होती. कान तापलेला होता.

"रिक्षा बघ," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

रिक्षावाल्याने कुत्री पाहून मान हलवली. "चाची, काटेगी तो नहीं?"

"अरे बेटा, आज ये मक्खी को भी नहीं काटेगी," तुळजा म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. रिक्षावाल्याने मागची सीट हाताने झटकली आणि म्हणाला, "बैठो, बैठो."

प्राण्यांचा दवाखाना कल्याण रोडला होता. तिथल्या डॉक्टर रीमा तरुण होत्या, तोंडावर मास्क लावून भराभरा बोलत होत्या. चांगदेवला नुसते डोळे दिसत होते.

"मॅडम," तो म्हणाला, "तोंडावरचं काढा. ओठ दिसल्याबिगर मला ऐकू येत न्हाय."

त्यांनी लगेच मास्क खाली घेतला आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "काका, पाणी जास्त कधीपासून पिते?"

"आज नववा दिवस. पहिल्या दिवशी दोन पातेल्या, कालच्याला चार. लघवी घरात केली त्याला पाच दिवस झाले. खात न्हाय परवा रातीपासून. ओकली तीनदा. आचळ भरलेले न्हाईत."

तुळजा त्याच्याकडे बघतच राहिली. एरवी हा माणूस चार शब्द एका दमात बोलत नाही, आणि आज हे सगळं तोंडपाठ.

डॉक्टरांनी कांडीच्या पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. रक्त घेतलं, सलाइन लावलं. मग सावकाश, एकेक शब्द दिसेल असं बोलल्या. "पिल्लं नाहीत, काका. तिच्या गर्भपिशवीत पू झालाय. कुत्री माजावर येऊन गेली की महिना-दोन महिन्यांत असं कधीकधी होतं. पू बाहेर यायला वाट मिळत नाही, म्हणून पोट फुगतं, विष अंगात भिनून तहान लागते, आणि लोकांना वाटतं गाभण आहे. पिशवी काढावी लागेल. आजच."

"वाचंल?"

"आज केलं तर चांगली आशा आहे. उद्यावर ठेवलं आणि पिशवी आत फुटली, तर मग माझ्या हातात काही नाही."

चांगदेवने कांडीच्या डोक्यावर हात ठेवला. तिने डोळे मिटले. "करा," तो म्हणाला.

मनोज कोनहून धावतपळत आला तेव्हा कांडीला आत नेलं होतं. गळ्यातलं गोडाऊनचं ओळखपत्र काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. तो बाकावर बापाशेजारी बसला. मग चांगदेवचा हात ओढून त्याने त्याला आपल्याकडे वळवलं.

"बाबा, तुम्ही आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"मला तरी कुठं कळलं होतं काय हाय ते," चांगदेव म्हणाला. "नुसतं काहीतरी बिघडलंय एवढंच वाटत होतं. मी तरी गप्प का बसलो?"

तुळजाला आत थांबायची परवानगी मिळाली होती, कारण तिचा हात अंगावर असला की कांडी हलत नव्हती. ऑपरेशन सुरू झाल्यावर तिला आतल्याच लहान खोलीत बसवलं. त्या खोलीच्या दाराला काच होती. चांगदेव बाहेर काचेसमोर उभा राहिला. तुळजाला मास्क आणि टोपी घातलेली, त्यामुळे ओठ दिसत नव्हते. पण त्या दोघांना ओठांचं काय! कारखान्यात लूम चालू असताना बोलणं कधी ऐकूच येत नाही. तिथे सगळे हातांनी बोलतात. लूम बंद पडला असेल तर उघडा तळवा. धागा तुटला असेल तर चिमूट झटकायची. आणि चालू असेल तर मूठ डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, लूममध्ये आडवा धागा घेऊन धोटा पळतो तशी.

तासाभराने आतलं दार उघडलं आणि तुळजा उठून पलीकडे गेली. चांगदेव काचेला कपाळ टेकून उभा होता. काच त्याच्या श्वासाने धुरकट झाली, ती त्याने बाहीने पुसली. तुळजा परत आली. डोळे ओले होते, त्यावरून काहीच कळेना. मनोज मागून विचारत होता, "काय झालं? आई काय म्हणते?"

तुळजाने हात वर केला. मूठ वळली आणि डावीकडे नेली, उजवीकडे नेली, परत डावीकडे.

चांगदेव काचेपासून वळला. "चालू हाय," तो मनोजला म्हणाला. "चालू हाय रे."

दोन दिवस कांडी दवाखान्यातच होती. तिसऱ्या दिवशी मनोजने तिला उचलून घरी आणलं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं बांधलं होतं. ती दाराच्या चौकटीला धडकली, मग पलंगाला, मग आनंदीबाईंना. आनंदीबाई तिच्यासाठी मऊ भात करून घेऊन आल्या होत्या.

"काळं पिल्लू राहिलं बाई तुमचं," तुळजा म्हणाली.

"जळो ते पिल्लू," आनंदीबाई म्हणाल्या. "मी डोहाळे म्हणाले आणि हसले. दोन रात्री झोप नाही मला." त्या खाली बसल्या आणि नरसाळ्यात हात घालून एकेक घास भरवू लागल्या. कांडीने चार घास खाल्ले. पाचव्याला तोंड फिरवलं, पण चार खाल्ले.

मनोजने बाकी सगळ्यांना फोन केले. मितेशने पिल्लाबद्दल चकार शब्द काढला नाही. रविवारी आला, कांडीजवळ तासभर बसला आणि जाताना त्याच्या बहिणीकडच्या कुत्रीला काय काय होतंय ते चांगदेवला सांगून, सल्ला विचारून गेला. चांगदेवने सांगितलं, "मला इचारू नको. डॉक्टरला दाखव. पन आजच दाखव."

पातेली आता परत संध्याकाळपर्यंत पुरू लागली. बाराव्या दिवशी टाके निघाले, नरसाळं गेलं. कांडी घरी आली, सगळं अंग झटकलं, दोन्ही खोल्यांतून एक चक्कर मारली आणि थेट ओट्याखालच्या टोपलीत तोंड घातलं. तुळजाने गावाहून आलेले सुके बोंबील तिथे ठेवले होते.

"अगो भवाने! अवो, बघा हिला! चार बोंबील नेले!" तुळजा लाटणं घेऊन बाहेर आली. "कुठं गेली ती? अवो, तुमाला इचारते मी!"

कांडी चांगदेवच्या खुर्चीमागे बसून कुडुमकुडुम चावत होती. चांगदेवने पेपर चेहऱ्यासमोर जरा वर धरला, तुळजाचे ओठ दिसणार नाहीत इतका, आणि वाचत राहिला.