मास्तरांच्या टेबलावरचा अठरा इंची थाळा

मित्रांनो, मी एक जुना थाळा आहे. चिनी मातीचा, लांबट, अठरा इंची. अठरा इंच हे मी अंदाजपंचे सांगत नाही. एका शिंप्याने मला टेपने मोजले आहे, तेव्हा त्यात पाव इंचाचीही चूक निघायची नाही. माझा रंग सायीसारखा आहे आणि कडेने निळ्या पानांची वेल आहे. मला ताट समजू नका बरे. ताट एका माणसाचे असते, थाळा सगळ्यांचा असतो. त्यात वाढून आणतात आणि तो या हातातून त्या हातात टेबलभर फिरतो.

माझा जन्म नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. मऊ माती साच्यावर थापून माझा आकार केला, मला वाळवले आणि भट्टीत घातले. मग माझ्यावर वेल काढण्यासाठी मला एका बाईंसमोर ठेवले. त्या भारी बोलक्या होत्या. शेजारणीशी त्यांच्या गप्पा दिवसभर चालत, पण पान काढताना मात्र त्या श्वास रोखून धरत. पान पूर्ण झाले की सुस्कारा, आणि गप्पा पुन्हा सुरू. शेवटी माझ्यावर झिलई चढवून मला पुन्हा भट्टीत पाठवले. माझ्याबरोबर आत गेलेले दोन थाळे तिथेच तडकले. मी धड बाहेर आलो, ते माझे नशीब.

माझे पहिले घर म्हणजे अकरा भाडेकरूंचे एक वसतिगृह. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. रोज संध्याकाळी सात वाजता त्या माझ्यात भाजलेले बटाटे, मटार, कधी अख्खा मासा वाढून आणत. त्यांचा एक नियम होता. आज मला टेबलाच्या एका टोकापासून फिरवले, तर उद्या दुसऱ्या टोकापासून. तळाशी उरलेले तुकडे रोज एकाच्याच वाट्याला यायला नकोत, एवढ्यासाठी. दिवसभर राबून आलेली ती माणसे मला पाहून खुर्च्या पुढे ओढत. "आला बाबा एकदाचा!" असे कोणीतरी म्हणायचेच. मित्रांनो, हे माझ्याबद्दल म्हटलेले असे, आणि मला फार बरे वाटे.

अशी अठरा वर्षे गेली. मोठ्या बाई वारल्या आणि मी त्यांच्या भाचीकडे गेलो. ती माणूस म्हणून चांगली होती. तिने मला उजेडात धरले, वेल पाहिली आणि म्हणाली, "इतकी सुंदर वस्तू रोज वापरायची?" झाले! मी काचेच्या कपाटात जाऊन बसलो. पाहुणे आले की "काय सुरेख काम आहे हो!" म्हणत आणि साध्या स्टीलच्या भांड्यांतून जेवत. एकतीस वर्षे माझे कौतुक झाले. एकतीस वर्षांत माझ्यात कोणी एक मटारही ठेवला नाही.

भाची म्हातारपणी लहान घरात राहायला गेली, तेव्हा मी जुन्या भांड्यांच्या दुकानात आलो. ते दुकान चढाच्या रस्त्यावर, चप्पल दुरुस्तीच्या टपरीला लागून होते. मालकीण प्रत्येक भांड्याला नखाने टिचकी मारून पाही, म्हणून सारी गल्ली तिला टिचकीबाई म्हणे. तिने मलाही टिचकी मारली. मी टण्ण वाजलो. "खणखणीत आहेस रे," ती म्हणाली आणि तिने मला दाराजवळच्या फळीवर ठेवले.

तिथे एका सकाळी बापलेक आले. बाप साठी उलटलेला, शिंपीकाम करणारा. लोक त्याला मास्तर म्हणत. त्याच्या अंगातला शर्ट त्याने स्वतःच बेतलेला होता, तरी खांद्यावरून घसरत होता, इतका तो माणूस वाळला होता. लेक परगावी राहत होती आणि काळजीने कातावली होती.

"बाबा, आवडेल ते घ्या, पण पातेल्यातून खाणं बंद," ती म्हणाली.

"पातेल्यातून?" टिचकीबाईंनी विचारले.

"ओट्याशी उभं राहून. आई गेल्यापासून, दीड वर्ष. टेबलावर बघावं तर कापडं, खडू, टाचण्या."

"टाचण्या डबीत असतात," मास्तर म्हणाले.

"दोन महिने देते तुम्हाला, बाबा. तोवर वजन वाढलं नाही, तर दुकानाला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे."

मास्तरांचा चेहरा पडला. लेकीवर त्यांचा जीव होता, पण ज्या घरात चाळीस वर्षे मशीन चालले ते सोडून जायचे त्यांच्या जिवावर आले होते.

टिचकीबाईंनी आधी सोनेरी काठाचा एक मोठा संच दाखवला आणि मग स्वतःच बाजूला सारला. "खरं सांगू? अख्खा संच घेणारी माणसं तो कागदात बांधूनच ठेवतात. एकेक घ्या. रंग जुळले की पुरे, नक्षी जुळलीच पाहिजे असं काही नाही."

"बरोबर," मास्तर म्हणाले. "अस्तर वेगळं असलं तरी रंग जमला की कोट शोभतो."

बाईंना हे गिऱ्हाईक आवडले. त्यांनी दोन वाडगी शेजारी ठेवून टिचक्या मारल्या. एक टण्ण वाजले, दुसरे थप्प. "याला तडा आहे. डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळतो." मग एका रंगीत भांड्यावरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "याची झिलई उडालीय. यात फुलं ठेवा, जेवण वाढू नका. जुन्या रंगात काय काय घातलेलं असायचं, कोणी सांगावं!"

मास्तरांचे तिकडे लक्ष नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांनी मला खाली घेतले आणि डोळे मिटून, शिवण तपासावी तसे माझ्या कडेवरून बोट फिरवले. टवका कुठेच लागला नाही. मला टेबलावर ठेवून, डुगडुगतो का ते पाहिले. मग गळ्यातली टेप काढून मोजले. तेच ते अठरा इंच.

"बाबा, हा?" लेक म्हणाली. "अहो, तुम्ही एकटे. एवढा मोठा थाळा कशाला?"

मास्तर बराच वेळ टेप गुंडाळत राहिले. "लहान घेतला तर एकटाच जेवत राहीन गं."

लेकीने पर्समधून रुमाल काढला आणि माझ्यावर नसलेली धूळ पुसू लागली. माझ्याबरोबर एक वाडगेही घेतले गेले. त्याचे झाकण भलत्याच वाडग्याचे होते. "पण जमलंय त्या दोघांचं," टिचकीबाई म्हणाल्या.

घरी गेल्यावर मास्तरांनी टेबलाच्या मधोमध खडूने रेघ मारली. अलीकडे कापड, पलीकडे जेवण. त्या पहिल्या रविवारी त्यांनी दोघांना बोलावले. एक वरच्या मजल्यावरची नर्स आणि दुसरे समोरच्या दारातले किल्लीवाले, जे कुलपांच्या किल्ल्या बनवत. नर्सला ऐनवेळी कामावर बोलावले. किल्लीवाले एकटेच आले. मास्तरांनी माझ्यात भात वाढला. एकतीस वर्षांहून अधिक काळाने माझ्या अंगाला वाफ लागली होती, मित्रांनो! भात कसा का असेना.

भात भयंकर होता. किल्लीवाल्यांनी चमच्याने एक बाजू उचलली, तर अख्खा ढीग उचलला गेला.

"मास्तर," ते गंभीरपणे म्हणाले, "भात शिजवलाय की शिवलाय?"

मास्तरांनी आधी त्यांच्याकडे पाहिले, मग भाताकडे, आणि त्यांना जे हसू फुटले ते आवरेना. दोघांनी तो भात हसत हसत संपवला.

पुढच्या रविवारी नर्सही आली. तिने भातात पाणी किती घालायचे ते दाखवले. तिसऱ्या रविवारी टिचकीबाई आल्या. वाडग्याचे आणि झाकणाचे कसे चालले आहे ते पाहायला, असे त्यांनी दारातच सांगितले. टेबलावरची खडूची रेघ दर आठवड्याला कापडाच्या बाजूला सरकू लागली. मी भरून जात होतो आणि रिकामा परतत होतो. थाळ्याला आणखी काय हवे?

पाचव्या रविवारी मात्र घात झाला. पाहुण्यांना उशीर होत होता. बटाटे गार होऊ नयेत म्हणून मास्तरांनी मला भरल्या अंगाने सरळ शेगडीच्या जाळावर ठेवले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! माझ्या पोटात टक् असा आवाज झाला. कडेपासून मध्यापर्यंत केसासारखा तडा गेला.

मास्तरांनी गॅस बंद केला. बटाटे काढून घेतले, मला पुसले आणि माझ्यावर एक जुना टॉवेल टाकला. किल्लीवाल्यांनी दार वाजवले तेव्हा त्यांनी फटीतूनच सांगितले, "आज जेवण नाही. बरं वाटत नाही." त्या रात्री आणि त्यानंतर रोज ते ओट्याशी उभे राहून पातेल्यातून खाऊ लागले. पुढच्या रविवारीही कोणाला बोलावले नाही. टॉवेलखाली मला अंधारच होता, पण उभ्याने खाणाऱ्या माणसाचा आवाज ओळखू येतो. चमचा पातेल्याला घाईघाईने लागत असतो.

दहाव्या दिवशी टिचकीबाई आल्या त्या थेट आत. त्यांनी टॉवेल उचलला आणि टिचकी मारली. मी थप्प वाजलो. मलाच माझी लाज वाटली.

"कोटाला ठिगळ लागलं की तुम्ही कोट फेकून देता, मास्तर?"

"कोटाला ठिगळ लावता येतं. याला काय लावणार?"

"काही नाही लावायचं. आता याला गरम नको, ओलं नको, पाण्यात बुडवायचा नाही. पाव ठेवा, फळं ठेवा. कोरड्या कामाला अजून वीस वर्षं जाईल. आणि तडा थाळ्याला गेलाय ना? मग पाहुणे का बंद केलेत?"

मास्तर खाली पाहत म्हणाले, "तिच्यामागे पहिल्यांदाच काहीतरी धड हातात घेतलं होतं हो. तेही..."

टिचकीबाईंनी ओट्यावरचे पातेले उघडून वास घेतला. "आज भाजी कसली केलीय?"

"वांग्याची."

"मग बसा की. मी काही उभ्याने जेवणार नाही."

पातेले टेबलावर आले. झाकणवाल्या वाडग्यात भाजी गेली. माझ्यावर धुतलेला रुमाल अंथरून त्यांनी पावाचे तुकडे रचले. पावाला वजन नसते म्हणा, पण त्या दिवशी मला ते भरभक्कम वाटले.

दोन महिने भरले त्या रविवारी लेक न सांगता आली. काखेत चक्क वजनकाटा! दार उघडेच होते. आत पाहते तो टेबलाभोवती मास्तर, नर्स, किल्लीवाले आणि टिचकीबाई बसलेले, आणि एकही खुर्ची रिकामी नाही. ती दारातच थबकली.

"अगं, उभी काय?" मास्तर म्हणाले. "मशीनचं स्टूल ओढ आणि बस. भात गार होतोय."

ती बसली. मला तिच्याकडे सरकवण्यात आले. तिने पाव घेतला, भात घेतला, पुन्हा घेतला. जेवणे झाल्यावर तिला काट्याची आठवण झाली. पण तोवर किल्लीवाले त्याच्यावर उभे राहून "हा काटा खोटा बोलतो" म्हणून भांडत होते, आणि नर्स त्यांना खिशातल्या किल्ल्या काढून ठेवायला सांगत होती. त्या गडबडीत मास्तरांचे वजन करायचे राहूनच गेले.

पाहुणे पांगल्यावर बापलेक भांडी आवरू लागली. मला कोरड्या फडक्याने नुसते पुसता पुसता लेक हळूच म्हणाली, "बाबा, आमच्याकडे आम्ही चौघं आहोत. चार खोल्यांत चार वेळी जेवतो."

मास्तरांनी हातातले वाडगे खाली ठेवले. "उद्या सकाळी टिचकीबाईंकडे जाऊ."

"काय घेऊ पण? मला यातलं काही कळत नाही."

"टिचकी मारून बघ, कडेवरून बोट फिरव. आणि मधे ठेवलं की चौघांचा हात पोचेल असं काहीतरी घे."

दुसऱ्या दिवशी लेक एक मोठे खोलगट वाडगे घेऊन आपल्या गावी गेली. एकटीच गेली. मास्तर दारात उभे राहून तिला हात हलवत होते. नंतर त्यांनी मशीन सुरू केले.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे एखादे जुने भांडे फळीवर किंवा खोक्यात असेल. ते बाहेर काढा. धड आहे ना, ते कोणा जाणत्याला दाखवा. कोमट पाण्याने, मऊ हाताने धुवा. जाळावर ठेवू नका, तापलेले असताना गार पाण्याखाली धरू नका. एकावर एक रचाल तेव्हा मधे कापड घाला. आणि एवढे सगळे करून कधी टवका उडालाच, तर ज्याच्या हातून उडाला त्याला रागावू नका. मी काचेआड एकतीस वर्षे अगदी धडधाकट होतो आणि मास्तरांकडे आलो तर तडकलो. तरी मला कोणी विचारले, तर मी मास्तरांकडेच राहीन.

बरे, दार वाजते आहे. आज रविवार. आवाजावरून किल्लीवालेच असावेत, कारण त्यांना नेहमी सगळ्यांच्या आधी भूक लागते.