कमी सांगितलेली वाडी

सोमवारी सकाळी आमच्या नदीचा ओढा झाला. कळशी बुडवायला गेले तर ती खणकन तळाला लागली. पलीकडचा काठ इतका जवळ आला होता की तिथं बसलेल्या बाईनं हात लांब करून मला चिमूटभर मिश्री दिली. कालपर्यंत त्या काठावरून मारलेली हाक इकडे अर्धीच पोचायची.

कारण मला ठाऊक होतं. रविवारी वाड्यावस्त्यांचा भूगोल नि इतिहास लिहून घ्यायला एक साहेब आले होते. त्यांच्यापुढं बसले होते केरबाभावजी, माझे धाकटे दीर, वाडीचे पोलीस पाटील. पाहुण्यापुढं आपलं ते कमी सांगायचं, ही आमच्या वाडीची जुनी खोड. पुरणपोळी वाढायची आणि म्हणायचं, गोड मानून घ्या, मीठभाकरी आहे.

मी तडक भावजींच्या दारात गेले.

"नदीचं काय सांगितलंत त्याला?"

"म्हटलं, कसली नदी साहेब, ओढाच तो."

"अहो, त्या वेळी जीभ का चुलीत घातली नाही? गेल्या पुरात देवळाच्या कळसाला होडी बांधली होती आपण!"

"वहिनी, पाहुण्यापुढं फुशारकी मारायची का?"

"आणि घरं?"

"म्हटलं, मोजण्यासारखी नाहीत."

मी मागं वळून बघितलं. घरं जागच्या जागी होती, पण मोजता येईनात. तिसऱ्यावर गेलं की नजर आपोआप पहिल्यावर येऊन बसायची. माझं टाळकंच फिरलं. कारण मोजणं हे माझं काम. पूर ओसरला की वाडीच्या थोरल्या सुनेनं घाटावर पाय भिजवायचे आणि ओल्या पावलांनी वाडी चालायची, उंबऱ्या-उंबऱ्याशी थांबून घराचं नाव घेत. नदीनं नेलेल्या नऊ घरांचंही घ्यायचं, मग नांदत्या चौदांचं. शेवटचं घर सगुणाचं, माझ्या पाठच्या बहिणीचं. मधल्या दिरांना देऊन तिला या वाडीत मीच जाऊ करून आणलंय.

"अजून काय विचारलं त्यानं?"

"इतिहास. म्हटलं, आम्हा गरिबांना कसला आलाय इतिहास?"

मी पळतच सगुणाचं घर गाठलं. ती दारात तांदूळ निवडत होती. लग्नाच्या वर्षी माझ्या हातचं वल्हं लागून तिच्या कपाळावर खोक पडली होती. आता कपाळ कोरं होतं.

"कोण पाहिजे, बाई?" ती म्हणाली.

"सगुणे, मी अक्का!"

"असाल. बसा ना. पाणी देऊ?"

आणि तिनं मला पाणी दिलं. फुलपात्रात, खाली ताटली धरून, परक्या बाईला देतात तसं. चाळीस वर्षं हिनं माझ्या तांब्यातलं उष्टं पाणी प्यायलंय!

साहेब अजून घाटावर होते, मांडीवर वही घेऊन.

"खोडा ते," मी म्हटलं.

"खोडता येत नाही. खाली जागा आहे, भर घालता येईल."

"मग उठा. चालत लिहा."

मी ओढ्यात पाय भिजवले आणि निघाले. वाडी वसवायला सात भोयणी भोपळे बांधलेल्या सांगडीवर बसून नदीतून कशा आल्या, ते सांगितलं. पुरात गुळाची काहील होडीसारखी सोडून बाळंतिणीला पलीकडं नेली, ते सांगितलं. एकेका उंबऱ्याशी थांबून घराचं नाव घेतलं. नेलेल्या घरांचे उंबरे मी पाय ठेवला की पायाखाली येत होते. साहेब लिहीत होते आणि माझ्यामागं पाणी रुंद होत होतं. ती पलीकडची बाई मिश्रीची डबी हातात तशीच धरून लांब लांब गेली.

वीस. एकवीस. बावीस. नजर कुठं अडली नाही.

तेविसाव्या दारात सगुणा उभी होती. मी तिच्या घराचं नाव घेतलं. तिच्या कपाळावर हळूहळू खोक उमटली, जुनी, पांढरट. तिनं माझ्याकडं निरखून बघितलं आणि तोंड उघडलं.

"छान सांगता तुम्ही," साहेब म्हणाले. "एवढं दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. आता शेवटचं. सांगणाऱ्याचं नाव? त्याशिवाय हे धरलं जात नाही."

इतका वेळ नुसती भडकलेली मी, त्या चांगल्या शब्दानं निवले. मेली खोड! पदर डोक्यावरून पुढं ओढला, हात जोडले.

"अहो, माझं कसलं नाव लिहिताय साहेब? मी कोण?"

त्यांनी लिहिलं, 'कुणी नाही.'

घाटापासून सगुणाच्या दारापर्यंत ओल्या पावलांची रांग आली होती आणि उंबऱ्याशी थांबली होती. सगुणानं ती बघितली. आत जाऊन तिनं फुलपात्र भरून आणलं, खाली ताटली धरली आणि शेवटच्या दोन पावलांपुढं हात लांब करून उभी राहिली.