दुसरा कागद

"आमची जोस्लीन अमेरिकेत रेकॉर्ड्समध्ये आहे," हे वॉल्टरने शुक्रवारच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर भेटेल त्याला सांगून झालं होतं. माझा नवरा स्वतः दोह्यातल्या एका हॉस्पिटलात वीस वर्षं पेशंटांच्या फायली सांभाळतोय. लेक बापाच्या वळणावर गेली म्हणून स्वारी खूश होती.

मग २००३च्या जूनमध्ये त्याचा मावसभाऊ डेरिक अमेरिका फिरून आला. अल हिलालमधल्या आमच्या फ्लॅटवर चहा घेताना मान खाली घालून म्हणाला, "तिथे एका व्हिडिओच्या कव्हरवर आपल्या जोस्लीनचं नाव छापलंय. तसल्या व्हिडिओच्या." ते कव्हर हा कशाला उलटून बघत होता, असं मी विचारणारच होते, पण वॉल्टरचा चेहरा पाहून चहाचे कप गोळा करू लागले.

चार दिवस त्याने जोस्लीनचा फोन घेतला नाही. "डिसेंबरला नाताळसाठी येऊ नको म्हणावं तिला," एवढंच म्हणाला. पाचव्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी त्याच्यासमोरच स्पीकर लावला. "डेरिकने कव्हरवर तुझं नाव बघितलंय, पप्पांना काय ते तूच सांग," म्हटलं.

"पप्पा, इथला कायदा आहे. कॅमेऱ्यासमोर येणारा प्रत्येक जण अठराच्या वरचा आहे, याचा पुरावा कंपनीने ठेवायचा. ते कागद ज्याच्या ताब्यात, त्याचं नाव कव्हरवर छापायचं. आय ओन्ली चेक द पेपर्स."

वॉल्टरने खुर्ची भिंतीकडे वळवली.

"गेल्या महिन्यात एक मुलगी आली. कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी. मला तुमचा एक जून आठवला."

तो एक जून मलाही पाठ आहे. हॉस्पिटलात येणारे आपल्याकडचे कितीतरी जण त्याच तारखेला जन्मलेले, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती ठोकून दिलेली. अशी सोयीची तारीख दिसली की दुसरा कागद मागायचा, हे वॉल्टर जेवताना इतक्यांदा सांगायचा की पोरगी ताट घेऊन उठून जायची.

"मी दुसरा कागद मागितला. काम खोळंबलं म्हणून सगळे माझ्यावर चिडले. मी सही केली नाही, तिला आत सोडलं नाही. दोन दिवसांनी शाळेचा दाखला आला. शी वॉज सिक्स्टीन, पप्पा. तिच्या आईला मीच फोन केला."

मला रडू आवरेना. असल्या ठिकाणी माझी लेक नको, असं मला आजही वाटतं. पण त्या दिवशी त्या टेबलाशी दुसरी कुणी असती, तर त्या पोरीचं काय झालं असतं?

वॉल्टर खुर्ची ओढून फोनजवळ आला. म्हणाला, "त्या दाखल्याची झेरॉक्स ठेवलीस?"

"येस, पप्पा."

"दोन्ही बाजूंची?"

"बोथ साइड्स."

"मग डिसेंबरचं तिकीट काढ," तो म्हणाला.