न उकळलेली नळी

मेलेल्या घोडीच्या जठरातील कर्करोगाच्या गाठीत चामखिळीच्या जातीच्या विषाणूचा अंश सापडल्याचे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी अहवालातून वाचून दाखवले, तेव्हा घोड्यांची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार हातातला खरारा ठेवून खाली बसला.

"मनाला लावून घेऊ नका, काका. विषाणू सापडला म्हणजे रोग त्यानंच केला, असं ठरत नाही."

"पण बाई, चामखिळी आलेल्या शिंगराला औषध पाजलेली रबरी नळी मी नुसती पाण्यानं विसळून तिच्या पोटात घातली होती. उकळायचा कंटाळा केला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मालक हाकलतील म्हणून. जनावर मुकं, मग मीही मुका झालो."

तो उठला आणि शेजारच्या ठाणावरची घोडी सोडून त्याने बाईंसमोर आणली.

"हिलाही तीच नळी लावली होती. हिचं पोट तपासा. मालकांना मी आत्ताच सांगतो."