म्हणे घरातच होता!

मी अँप्लिफायर बोलतोय. बेस गिटारचा, काचेच्या व्हॉल्व्हवाला, आणि वजनाने असा की मला उचलणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने निदान एकदा तरी मला शिवी हासडली आहे. त्याचा मला राग नाही. शिव्या देणारी माणसं माझी होती. राग आहे तो ज्याने मला कधी शिवी दिली नाही त्याचा.

कारखान्यातून मी दुकानात आलो आणि बरेच दिवस तिथे धूळ खात पडलो. मग तो आला. दिवसा छापखान्यात काम करायचा, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. बोलणंही खालच्या पट्टीतलं, म्हणून सोबतचे त्याला ‘खर्ज’ म्हणत.

आमचं काम कुणाच्या डोळ्यांत भरणारं नाही. गाणारीला टाळ्या, ड्रमवाल्याला शिट्ट्या. आम्ही वाजतोय हे लोकांना कळतं ते आम्ही थांबल्यावर. एकदा भर गाण्यात माझी वायर निसटली, तर गाणारी मागे वळून म्हणाली, “अरे, पायाखालची जमीन कुठे गेली?” पुढे तिचंच खर्जशी लग्न झालं. जमवण्यात माझाही हात आहे असं मी मानतो.

लग्नाचे हॉल, कॉलेजची मैदानं, गिरणीतल्या कामगारांचे कार्यक्रम, सगळीकडे मी गेलो. एकदा उघड्या गाडीत पाऊस लागला, तेव्हा खर्जने अंगातला कोट काढून माझ्यावर टाकला आणि स्वतः शिंकत घरी गेला. मला दोन खटके आहेत. पहिला दाबला की व्हॉल्व्ह तापू लागतात, चांगले तापले की दुसरा दाबायचा. मधल्या वेळात खर्ज माझ्या डोक्यावर तळहात ठेवून उभा राहायचा. ऊब लागली की म्हणायचा, “चला, उठले आमचे राजे!”

पुढे ऑर्केस्ट्रातला एकेक जण गळाला आणि मी गच्चीच्या जिन्याखाली गेलो. माझ्यावर इस्त्रीचे कपडे आले, मग लेकीची जुनी पुस्तकं, मग एक कुंडी. मी कुरकुर केली नाही. घरातल्या म्हाताऱ्यासारखा कोपऱ्यात पडून राहायची माझी तयारी होती.

एका रविवारी त्याने मला बाहेर ओढलं. मला वाटलं, आता वाजणार. त्याने थिनरचा बोळा घेतला आणि माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं ऑर्केस्ट्राचं नाव घासून काढलं. खरचटलेल्या कोपऱ्यांना बूटपॉलिश लावलं. चारही बाजूंनी फोटो काढले. मी खुळा, मनात म्हणालो, किती कौतुकाने नटवतोय!

दुसऱ्या दिवशी एक मुलगी मला बघायला आली. चष्म्याच्या दुकानात काम करणारी. खांद्यावर तिची बेस गिटार, सोबत तिचा थोरला भाऊ.

“काका, किती वाजवलाय हा?” तिने विचारलं.

“छे, वाजवलाय कुठे! हौसेने घेतला, पण मला काही ते जमलं नाही. घरातच होता.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

“कार्यक्रमांना नेला नव्हता ना? तसले फार झिजलेले असतात म्हणे.”

“उंबऱ्याबाहेर गेलेला नाही.”

“अहो…” बायको दारात येऊन उभी राहिली.

“तू चहा टाक,” तिच्याकडे न बघता तो म्हणाला.

त्याने पहिला खटका दाबला आणि त्याचा तळहात आपसूक माझ्या डोक्यावर आला. चटका बसावा तसा त्याने तो मागे घेतला आणि खिशात घातला. तेवढ्या वेळात मी त्याला माफ करून टाकलं असतं. त्याने संधीच दिली नाही.

मी ठरवलं, आता खरखर करायची आणि याची चांगली फजिती करायची. पण मुलीने तार छेडली आणि मला राहवेना. खिडकीच्या काचा थरथरल्या.

“बापरे! अजून किती वाढवता येतो?”

“नको नको, आवाज दोनच्या पुढे नेऊ नका. कधी नेलेलाच नाही. त्याला झेपायचं नाही.”

मला! ज्याला मैदानावर दहावर ठेवून हाच माणूस रात्ररात्र वाजवत होता, त्याला! विकलं ते मी समजू शकतो. पण एक थाप खपावी म्हणून त्याने मला दुबळा ठरवलं, आणि ते मला फार लागलं.

भावाने मला जिन्यावरून उतरवलं, अर्थात शिवी देतच. खर्ज वरूनच म्हणाला, “जपून हं, भिंतीला लागेल.” त्याची बायको मात्र खाली गाडीपर्यंत आली. खरं काय ते तिच्या अगदी ओठांवर होतं. तिने वर नवऱ्याकडे पाहिलं आणि नुसतं म्हणाली, “सांभाळ गं याला.”

मुलगी गुणी आहे. चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने मला रोज पुसते. हळूहळू तिचाही बँड जमला, पहिला कार्यक्रम ठरला. भाऊ म्हणाला, “याला नेऊ या की.”

“वेडा आहेस का? तो कधी घराबाहेर गेलेला नाही. दोनच्या पुढे गेला तर जळून जाईल. काकांनी बजावून सांगितलंय.”

तिने मैत्रिणीकडून दुसरा मागून आणला. निघताना माझ्यावर चादर घातली, अगदी मायेने. मी चादरीखाली बसून राहिलो आणि ती पहिल्या कार्यक्रमाला दुसऱ्याला घेऊन गेली.

लोकहो, आम्हाला खुशाल विका. पण आम्ही काय केलं, कुठे कुठे गेलो, ते घेणाऱ्याला खरं सांगा. चार ओरखडे दिसले तर दिसू देत. आणि चष्मा करायला कधी तिच्या दुकानात गेलात, तर तिला माझा एवढा निरोप द्या: पोरी, आवाजाचं बटण पार दहापर्यंत फिरव. मला काही होत नाही.