भिंगरीच्या ताटातलं लोणी

वजनकाट्यावर लोण्याचा गोळा ठेवला की नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. बोलायचे काहीच नाहीत, नुसते खाकरायचे. त्या खाकरण्याचा अर्थ भिंगरीच्या आईला एव्हाना तोंडपाठ झाला होता. सहा वर्षांची पोर, आणि तिच्या पोटात हे एवढं लोणी?

"नाना, काय बोलायचंय ते बोला की एकदा," ती एका सकाळी वैतागून म्हणाली.

"मी काय बोलणार बाई? मी आपला कवायतीचा मास्तर. छाती उघडून परत शिवलीय, तेवढंच मला कळतं."

आणि वर तिलाच चोरट्यासारखं वाटावं अशा नजरेनं लोण्याकडे बघून ते बाहेर गेले.

नाना म्हणजे तिचे सासरे. जन्मभर शाळेच्या मैदानावर गळ्यात शिट्टी घालून उभे राहिलेले. त्यांना कुठलीच गोष्ट अर्धी जमायची नाही. पोरांना एक फेरी मारा म्हणून सांगायचं, तर हे तीन मारायला लावायचे. निवृत्त झाले आणि हृदयाच्या नळ्या तुंबल्या, मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तेल-लोणी कमी करा. नानांनी 'कमी' हा शब्द ऐकलाच नाही. त्यांनी बंदच केलं. उकडलेल्या भाज्या, कोरडा टोस्ट, अंड्यातलं पांढरं तेवढं. पिवळं बाकीच्यांना. आणि खरं सांगायचं तर ते बरे झाले. टुणटुणीत झाले. मग काय विचारता! सकाळी फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांचा त्यांनी वर्गच भरवला. कुणाच्या हातात वडा-भजी तर सोडाच, साधं लोणी लावलेलं बिस्किट दिसलं तरी नाना तिथल्या तिथे त्याची अंत्ययात्रा काढायचे.

आणि अशा घरात भिंगरीचं हे असं जेवण.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पाळण्यातून उतरली तेव्हापासून एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे भिंगरी म्हणायचे. चार वर्षांची असताना एका दुपारी ती खेळता खेळता थांबली, डोळे वर गेले आणि हातपाय आखडले. त्या दिवसापासून घराची झोप उडाली. एक औषध झालं, दुसरं झालं, दोन्ही मिळून झाली. फीट थांबल्या नाहीत, फक्त पोर मलूल झाली. वर्गात बाकावर डोकं टेकून बसायची. भिंगरी म्हणून हाक मारायची आईलाच लाज वाटायला लागली.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी हा आहार सांगितला. ज्या मुलांना औषधं लागू पडत नाहीत, त्यातल्या काहींना याचा गुण येतो म्हणाले. जेवणात बहुतेक सगळं स्निग्ध असायचं, म्हणजे साय, लोणी, तेल, अंडी. साखर, भात, ब्रेड, फळं जवळजवळ नाहीतच. प्रत्येक घास वजन करून. मधूनमधून रक्त तपासायचं. "हे औषधच समजा," डॉक्टरांनी बजावलं होतं. "आपल्या मनानं सुरू करायचं नाही आणि आपल्या मनानं मोडायचंही नाही."

भिंगरीची आई पडदे आणि सोफ्याच्या खोळी शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. इंचपट्टी आणि मापं तिच्या हातातलीच, त्यामुळे वजनाचं तिला अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते लोकांचं तोंड. भिंगरीच्या बाबांची लिफ्ट दुरुस्तीची नोकरी, ते दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या गाभ्यात लोंबकळत असायचे. त्यामुळे तोंडं सगळी हिच्याच वाट्याला. नणंद फोनवरून म्हणायची, "वहिनी, अगं तिच्या काळजावर चरबी चढेल गं." शाळेतल्या बाई म्हणाल्या, "डब्यात नुसती साय? एखादं फळ देत चला ना." वरच्या मजल्यावरची शेजारीण आली ती वेगळीच टूम घेऊन. "हे खाऊन वजन उतरतं म्हणतात ना? मलाही सांग, किती लोणी खाऊ?" भिंगरीच्या आईच्या डोळ्यांसमोर लेकीचे आखडलेले हात आले, आणि हिला कंबर बारीक करायची होती! तिनं दार लावून घेतलं.

ती स्वतः काय खात होती, हे मात्र आजवर एकानंही विचारलं नव्हतं. नानांचं उकडलेलं उरलं तर ते, भिंगरीची साय उरली तर ती, तीही ओट्यापाशी उभ्यानं.

पण गुण आला. पहिल्या काही आठवड्यांतच फीट विरळ झाल्या. पोरीच्या डोळ्यांत चमक आली. एकदा तिनं पलंगावरून उडी मारून दिव्याची काच फोडली, तेव्हा आईनं रागवायच्या ऐवजी तिचे मुकेच घेतले. रोज लघवीत कागदाची पट्टी बुडवायची आणि ती जांभळी झाली की हायसं वाटायचं. शरीर साखरेऐवजी चरबीवर चाललंय याची ती खूण.

मग काय झालं कोण जाणे. एका आठवड्यात पट्टी फिकट निघाली. पुढच्या आठवड्यात आणखी फिकट. आणि एका दुपारी शाळेतून फोन आला की भिंगरी जिन्यात पडली, फीट आली होती, हनुवटी फुटली आहे.

हॉस्पिटलमधली आहारतज्ज्ञ बाई कापलेल्या केसांची, कमी बोलणारी. तिनं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "बाहेरचं काहीतरी जातंय पोटात."

"नाही हो. माझ्या हातानं मापून देते मी."

"राग मानू नका. पण पट्टी खोटं बोलत नाही."

म्हणजे आपणच खोटं बोलतो! परत येताना बसमध्ये तिला रडायलाही येईना, इतका संताप झाला होता. घरी नवरा म्हणाला, "कामाच्या घाईत एखाद वेळेस चुकलं असेल तुझं." तिनं हातातलं भांडं आपटलं. "चुकलं असेल? उद्यापासून तू माप. लिफ्ट वर-खाली करतोस ना, काटाही कर." त्यानं मान खाली घातली. नाना आतल्या खोलीत होते. खाकरले नाहीत.

तेव्हाच तिच्या लक्षात यायला हवं होतं.

आलं ते चार दिवसांनी. कारखान्यातली वीज गेली, मशीनं थांबली, मालकानं सगळ्यांना घरी सोडलं. ती तशीच शाळेवर गेली. शाळा सुटली होती आणि भिंगरीला नाना घेऊन गेले होते, नेहमीप्रमाणे. ती वाचनालयाच्या मागच्या बागेतून घाईघाईनं निघाली, तर कठड्यावर दोघं बसलेली. नानांच्या हातात अर्धं सोललेलं केळं. भिंगरीचे गाल फुगलेले. आणि नाना खिशातला रुमाल नळाखाली ओला करून आणून तिचं तोंड पुसत होते, कुठे काही लागून राहू नये असं, हळुवारपणे.

ते पुसणं पाहिलं आणि ती तरातरा कठड्यापाशी गेली.

"आई, नानांना ओरडू नकोस हं," भिंगरी भरल्या तोंडानं म्हणाली. "मलाच भूक लागली होती."

तिनं केळं काढून घेतलं. घरी आल्यावर पोरीला चित्रं काढायला बसवलं, दार ओढून घेतलं आणि मग मात्र बांध फुटला.

"किती दिवस चाललंय हे?"

"फळ दिलंय, विष नाही दिलं."

"तिच्यासाठी विषच आहे ते! हनुवटी बघितलीत तिची? हॉस्पिटलात मला खोटारडी ठरवलं, घरात मला वेंधळी ठरवलं, आणि तुम्ही शेजारच्या खोलीत बसून ऐकत होता."

"आवाज खाली कर. मी तिचा आजोबा आहे, वैरी नाही." नानांचाही आवाज चढला होता. "अगं, मला झोप लागत नाही. ते लोणी बघितलं की माझ्या छातीत कळ येते. माझ्या नळ्या त्यानंच तुंबल्या ना? आणि तेच तू माझ्या नातीला काट्यावर मोजून भरवतेस. मी बघत बसू? मग म्हटलं, एक केळं, एखादं सफरचंद. पोटात काहीतरी चांगलं जाऊ दे."

"तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्ही देववाणी मानलंत. तिच्या डॉक्टरांचं का नाही?"

"कारण माझं खरं झालं!" नाना म्हणाले. "मी जगलो ना?"

यावर काहीही सांगितलं तरी नाना ते कानाआड करणार हे तिला माहीत होतं. पालथ्या घड्यावर पाणी. तिनं एवढंच सांगितलं की पुढच्या तपासणीला तुम्ही यायचं.

ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून, भांडायच्या तयारीनं. आहारतज्ज्ञ बाईनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "आजोबा, तुम्हाला रक्त पातळ ठेवायची गोळी आहे ना?"

"आहे. रोज घेतो. कधी चुकलो नाही."

"ती भिंगरीला द्याल?"

"खुळ्या आहात काय!"

"मग तुमचं पथ्य तिला का देता?"

बाई पुढे म्हणाली, "तुमचा आजार हृदयाचा. तिचा मेंदूचा. तुमच्या वयात, तुमच्या शरीराला जे वाचवतं, ते तिला पाडतं. आणि तिचं ताट तुम्ही जेवायला लागलात तर तुमचं काही खरं नाही. तिचंही कायमचं नाही हे. रक्त बघतो आम्ही, काही वर्षांनी हळूहळू बंद करू." मग तिची नजर नानांच्या वर आलेल्या गळ्याजवळच्या हाडांवर गेली. "तुम्ही तेल किती घेता?"

"थेंबसुद्धा नाही," नाना अभिमानानं म्हणाले.

"असं सांगितलं होतं डॉक्टरांनी?"

"कमी करा म्हणाले होते."

"मग एकदा जाऊन विचारा त्यांना. काही तेलं तुम्हाला लागतही असतील. मी सांगणार नाही, मी तुम्हाला तपासलेलं नाही."

बाहेर बसथांब्यावर नाना पुटपुटले, "ही कसली तज्ज्ञ? चांगलं काय, वाईट काय, सरळ सांगताच येत नाही हिला. याला हे, त्याला ते."

पण केळी थांबली. इतकंच नव्हे, नानांनी पहारा सुरू केला. शाळेच्या फाटकात कुणी पोरीला लिमलेटची गोळी देऊ केली तर ते शिट्टी वाजवल्यासारखे ओरडायचे. सकाळी काटाही तेच पुसून ठेवायला लागले. महिन्याभरात पट्टी पुन्हा जांभळी झाली. हनुवटीची खपली पडली. फीट येईनाशा झाल्या, आणि शाळेतल्या बाईंची तक्रार आली की ही वर्गात बसत नाही, सारखी फिरते. तिच्या आईनं ती तक्रार पुन्हा एकदा म्हणून दाखवायला लावली.

वाटलं, सुटलो.

एका रविवारी सकाळी दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या पोस्टमनकाकांची बायको. काका निवृत्त, नानांच्या फिरण्याच्या टोळीतले, गेल्याच वर्षी हृदयात स्प्रिंग बसवलेले. काकू रागानं लालबुंद झाल्या होत्या.

"तुझे सासरे कुठेयत? आमचे हे आठ दिवस कॉफीत लोणी घालून पितायत! अंडी सायीत तळतायत! मी बोलले तर म्हणतात, मास्तरांच्या नातीला बघ, कशी खडखडीत झाली."

भिंगरीच्या आईनं वळून पाहिलं. नाना वर्तमानपत्र इतकं वर धरून बसले होते की नुसती बोटं दिसत होती.

"नाना!"

"मी फक्त अनुभव सांगितला," वर्तमानपत्राआडून आवाज आला. "डोळ्यांनी बघितलेला. खा असं म्हणालो नाही."

"आणि तुम्ही? तुम्हीही खाताय काय लोणी?"

"छे! मला कुठे फीट येतात?"

"मग काकांना येतात का?"

वर्तमानपत्र हळूच खाली आलं. नानांच्या चेहऱ्यावर, भर मैदानात उलट्या दिशेनं पळत सुटलेल्या पोरासारखा भाव होता. तिला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. एवढं रक्त आटवलं, एवढी भांडणं झाली, आणि या माणसानं जुना मंत्र टाकून नवा मंत्र तेवढा उचलला. याला हे आणि त्याला ते, हा मधला भाग बसथांब्यावरच राहिला.

"उठा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता खाली जा आणि काकांना सांगा, त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही खायचं नाही. तुमचं ऐकायचं नाही. असंच सांगा, माझं ऐकू नका म्हणून."

नाना चपला घालून निघाले. काकू दुखरे गुडघे सांभाळत पुढे, नाना मागे. ती जिन्याच्या कठड्यावर वाकून ऐकत उभी राहिली. एका हातात भिंगरीची सायीची वाटी तशीच होती.

खालून नानांचा मैदानी आवाज वर आला. "हे बघा, माझं चुकलं. प्रत्येकाची प्रकृती वेगळी. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझं काही ऐकू नका." तिनं श्वास सोडला. बरं झालं बाई.

"आता वहिनींच्या गुडघ्यांचं म्हणाल तर," आवाज तसाच पुढे चालू राहिला, "त्यावर मी एक सांगतो..."

तिनं वाटी भिंगरीच्या हातात दिली, "सगळं संपव" म्हणाली, आणि पदर खोचून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावली.